धाकटीला पुण्यात जनसंपर्काची पदवी करायचीय, 14 लाख घालावेत का? (खान्देशातल्यांनी जरूर लिहा)

केळीवाला_यावल

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातला आहे, घरची साडेचार एकर, त्यात तीन एकर केळी. मी आयटीआय करून भुसावळला कामाला आहे, आबा आणि आई शेती बघतात. धाकटी बहीण जळगावहून बीएस्सी झाली यंदा. पोरगी हुशार आहे, बोलायला लिहायला एकदम पक्की, कॉलेजच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन तीन वर्षं तिनेच केलं. आता तिला पुण्याच्या एका खाजगी अभिमत विद्यापीठात जनसंपर्काची दोन वर्षांची मास्टर्स मिळतेय. फी 9 लाख 80 हजार, वर होस्टेल मेस जाणं-येणं धरून 14 च्या आसपास जातंय. पहिला हप्ता या महिन्याच्या 28 पर्यंत भरायचाय.

आबा म्हणतात काढू शेतावर कर्ज, पोरगी शिकली पाहिजे. मला पण तेच वाटतं, पण रात्री झोप लागत नाही. केळीचं तुम्हाला माहितीये, मे-जूनमधे एक वादळ आलं की वर्षाची कमाई आडवी. आणि खरं सांगायचं तर या शिक्षणाने नेमकं काय काम मिळतं हेच आमच्या घरात कोणाला माहीत नाही. माहितीपत्रकावर 'सर्वोच्च पॅकेज' मोठ्या अक्षरात छापलंय, बाकीच्यांना काय मिळतं ते कुठेच नाही. या लाईनमधलं कोणी असेल तर मोकळेपणाने सांगा, तिला पण हे वाचायला देणार आहे.

तापीकाठ

भाऊ आधी अभिनंदन, मुलीसाठी घर एवढा विचार करतंय हेच मोठं आहे. माझी भाची पण याच वळणावर आहे, वाचत राहते.

अमळनेरची_मुंबईत

दादा, मी याच लाईनमधे आहे, 2016 पासून, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी काम काय ते सांगते कारण घरी माझ्या आईला पण पाच वर्षं कळलं नव्हतं. जाहिरातीत पैसे देऊन जागा विकत घेतात. आमच्या कामात बातमी अशी तयार करायची की संपादकाला ती स्वतःहून छापावीशी वाटेल. कंपनी एजन्सीला महिन्याचे ठरलेले पैसे देते, त्याला रिटेनर म्हणतात, आणि एजन्सीतली माझ्यासारखी माणसं त्या कंपनीच्या प्रेस नोट लिहिणं, पत्रकारांशी बोलणं, मुलाखती ठरवणं, आणि काही वाईट घडलं तर काय बोलायचं, कोणी बोलायचं, किती वाजेपर्यंत बोलायचं हे सगळं बघतात. हल्ली सोशल मीडियाचं पण बरंच आलंय त्यात.

सुरुवातीचा दिवस सांगते. सकाळी साडेसहाला उठून सगळे पेपर चाळायचे, क्लायंटची आणि त्याच्या स्पर्धकाची बातमी कुठे आलीये ते शोधायचं, कात्रणं स्कॅन करून नऊच्या आत रिपोर्ट पाठवायचा. मग दिवसभर फोन. पत्रकार फोन उचलत नाहीत, उचलला तर मीटिंगमधे आहे म्हणतात, परत करायचा. माझी पहिली वही अजून आहे, 140 पत्रकारांची नावं, कोणाला किती वाजता फोन केलेला चालतो हे समोर पेन्सिलने लिहिलेलं. ती वही कुठल्याही पदवीत मिळाली नसती.

आता पैसे. मी लागले तेव्हा हातात 18,000 यायचे. अंधेरीला चौघींच्यात खोली, माझ्या वाट्याला 6,500. आज आमच्याकडे नवीन मुली 25 ते 30 हजारावर लागतात, बऱ्या नावाच्या कॉलेजची असेल तर 35 च्या आसपास. माझा पगार तीन नोकऱ्या बदलल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षी चांगला वाढला, आज लाखाच्या थोडा वर आहे. म्हणजे पैसा आहे, पण तो उशिरा येतो. आणि कर्जाचा हप्ता वाट बघत नाही.

मी स्वतः जळगावच्या आपल्या विद्यापीठातून मास कम्युनिकेशन केलं. माझ्या टीममधल्या दोघी महागड्या संस्थेतून आलेल्या. त्यांना पहिली नोकरी कॅम्पसवरच मिळाली, मला सात महिने दारोदार फिरावं लागलं, हा फरक खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण तिसऱ्या वर्षी आम्ही तिघी एकाच टेबलवर, एकाच पगारावर होतो.

सेवानिवृत्त_चोपडा

मी बँकेत 34 वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. आकडे मांडून देतो, मग तुम्ही ठरवा.

समजा 4 लाख घरचे घातले आणि 10 लाख शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के धरू. पहिल्या वर्षी 5 लाख उचलले, दुसऱ्या वर्षी 5. शिक्षण संपून वर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, हे लोक विसरतात. साध्या व्याजाने पहिल्या 5 लाखांवर तीन वर्षांचं दीड लाख, दुसऱ्या 5 लाखांवर दोन वर्षांचं एक लाख. म्हणजे हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज 12 लाख 50 हजार झालेलं असतं. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला 16,519 रुपये, एकूण फेड 19 लाख 80 हजाराच्या वर. तेच शिक्षण चालू असताना दर महिन्याचं व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना 4,167, नंतर 8,333) तर हप्ता 13,215 वर येतो. केळीच्या घरात दर महिन्याला रोख पैसा नसतो हे मला ठाऊक आहे, पण तुमची भुसावळची नोकरी आहे म्हणून सुचवतोय.

दुसरं, शेत गहाण ठेवायचा विचार. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, आई-वडील सहकर्जदार असले की सरकारच्या क्रेडिट गॅरंटीत, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला मिळणाऱ्या हमीत, बसतं. त्याच्या वर गेलात की बँक तारण मागते, आणि शेतजमीन घ्यायला बँका नाखूष असतात कारण 2002 चा सरफेसी कायदा, म्हणजे कर्ज थकलं की कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला देणारा कायदा, शेतजमिनीला लागत नाही. मग होतं काय की माणूस शैक्षणिक कर्ज सोडून दुसऱ्याच नावाचं महागडं कर्ज उचलतो, नाहीतर सावकाराकडे जातो. तसं अजिबात करू नका.

केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर 2024 मधे मंजूर झालीये. तिच्यात तारण नाही जामीनदार नाही, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात 3 टक्के व्याज सवलत आहे. पण ती यादीतल्या संस्थांनाच, तेव्हा तुमची संस्था यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा.

केळीवाला_यावल

काका तुमचा हिशोब आबांना वाचून दाखवला, 12 लाख 50 हजारच्या ओळीला ते गप्प झाले. ताई, पोरगी तुमचं ते वहीचं दोनदा वाचतेय.

एक विचारतो, सुरुवातीला 30 हजार पगार धरला आणि साडेसोळा हप्ता गेला तर पुण्या-मुंबईत पोरगी राहणार कशी?

अमळनेरची_मुंबईत

तेच सांगते. समजा कॉलेजवाले 4 लाख 20 हजारचं पॅकेज म्हणाले, तर ते महिन्याला 35,000 वाटतं, पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी असं सगळं मोजलेलं असतं. आपला पीएफ आणि 200 रुपये व्यवसाय कर जाऊन हातात 30-31 पडतात. खोली 9, जेवण 5, लोकल-रिक्षा-मोबाईल 3, झाले 17. उरले 13-14 आणि हप्ता साडेसोळा. म्हणजे पहिली दोन वर्षं हप्त्यात घरून भर घालावी लागणार. घर घालू शकत असेल तर ठीक, पण घालायला लागणारच हे आज मान्य करा, नंतर पोरीला ऐकवू नका. माझ्या एका मैत्रिणीला दर फोनला हप्त्याचं ऐकायला लागायचं, तिने दुसऱ्या वर्षी लाईन सोडली आणि कॉल सेंटरला गेली कारण तिथे तेव्हा 4 हजार जास्त मिळत होते.

धुळेकर_बातमीदार

मी टेबलच्या या बाजूला आहे, धुळ्यात पत्रकारितेत 19 वर्षं. रोज संध्याकाळी चार ते सहा नुसता प्रेस नोटांचा पाऊस पडतो, व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर. शंभरातल्या नव्वदांत पहिला परिच्छेद म्हणजे मान्यवरांची यादी, अमुक साहेबांच्या हस्ते, तमुक भाऊंच्या अध्यक्षतेखाली, प्रमुख उपस्थिती सतरा जण, आणि काय झालं ते शेवटच्या ओळीत. फोटो फीत कापतानाचा. आमच्याकडे दोघं जण बसून त्याची बातमी करतात.

मुंबईहून येणाऱ्या नोटा तर इंग्रजीवरून उलथलेल्या असतात. एकदा ठिबकच्या कंपनीची नोट आली, त्यात ठिबक सिंचनाला 'गळती सिंचन' लिहिलेलं. ज्या जिल्ह्यात पोरासोरांना ठिबक कळतं तिथे ती नोट पाठवली आणि पाठवणाऱ्याला काही वाटलं नाही. ज्या मुलीला शेत कळतं, मराठी कळतं आणि बातमी कुठे आहे ते कळतं, तिला काम आहे हो, मी छातीठोक सांगतो. पण ते कळायला 14 लाख लागत नाहीत.

या धंद्यातली पहिली प्रेस नोट म्हणून जिचं नाव घेतात ती रेल्वे अपघाताची आहे, भुसावळकरांसाठी सांगतो. 28 ऑक्टोबर 1906 ला अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ गाडी पुलावरून पाण्यात गेली, पन्नासच्या वर माणसं दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत लपवायची होती. आयव्ही ली नावाच्या माणसाने कंपनीला लपवू दिलं नाही, काय घडलं ते लिहून स्वतःच पेपरवाल्यांना दिलं. मुळात हे काम वाईट वेळेला खरं सांगायचं आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा तिथल्या मास्तरांना विचारा, संकटाच्या वेळी काय करायचं ते तुम्ही कसं शिकवता. उत्तर पीपीटीचं आलं की कळेल.

साक्रीना_जिभाऊ

भाऊ, मी धुळा जिल्हाना शे. मन्हा पोरगानी बी हाई करेल शे. आमना अनुभव वाईट शे म्हनीसन लिखस.

मराठीत लिहितो सगळ्यांना समजावं म्हणून. पदवी नव्हती ती, एका खाजगी क्लासची 11 महिन्यांची डिप्लोमा होती, नाशिकला. 1 लाख 80 हजार घेतले आणि 100 टक्के प्लेसमेंट सांगितलं. प्लेसमेंट म्हणजे इव्हेंटवाल्याकडे 8,000 वर इंटर्नशिप निघाली, त्यात खुर्च्या मोजायचं आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम. सहा महिन्यांनी तेही संपलं. पोरगा आज शिरपूरला दुकान बघतो, त्याचं बरं चाललंय, पण पैशांपेक्षा त्या वर्षभरात त्याचा जो धीर खचला त्याचं मला जास्त लागलं. म्हणून विचारून घ्या, मागच्या बॅचला किती जण होते, किती जणांना नोकरी लागली, मधल्या मुलाला (पगाराप्रमाणे रांग लावली तर मधोमध येतो त्याला) किती मिळाले, आणि मागच्या बॅचच्या चार पोरांचे नंबर मागा. देत नसतील तर उठून यायचं.

मेहरूणची_बोरं

इथे एक फार महत्त्वाचं राहतंय. जळगाव धुळ्यात 'पीआरओ (जनसंपर्क अधिकारी) पाहिजे' अशा जाहिराती खूप दिसतात आणि लोकांना वाटतं घराजवळच नोकरी आहे की. मी दीड वर्ष एका हॉस्पिटलात पीआरओ होते. काम काय, तर गाडीवर गावोगाव फिरून डॉक्टरांना भेटायचं आणि पेशंट आपल्याकडे पाठवा म्हणायचं, नाहीतर काउंटरवर बसून विम्याच्या कॅशलेसची कागदपत्रं आणि नातेवाईकांची भांडणं. 13,000 पगार आणि पेट्रोल वेगळं. वाईट काम आहे असं म्हणत नाही, रडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मी तिथे शिकले. पण ते आणि ताई सांगतायत ते काम वेगळं आहे, नाव फक्त एक. आणि त्याला मास्टर्स कोणी विचारत नाही.

स्पर्धा_परीक्षा_नंदुरबार

सरकारी बाजू कोणी लिहिली नाही. राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, 'लोकराज्य' मासिक काढतात ते. प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा माहिती अधिकारी असतो, ही पदं एमपीएससीतून भरतात आणि तिथे पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते, वर अनुभव मागतात. म्हणजे या एका ठिकाणी कागद खरोखर दार उघडतो. पण तो कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाचा चालतो, महागडाच पाहिजे असं काही नाही. जागा मात्र फार थोड्या आणि जाहिरात कधी येईल नेम नाही, मी स्वतः तीन वर्षं वाट बघतोय. महावितरणलाही जनसंपर्क अधिकारी असतात. रेल्वेच्या भरवशावर मात्र राहू नका, झोनचा मुख्य जनसंपर्क अधिकारी सहसा सेवेतलाच अधिकारी असतो.

पिंप्राळा_टू_पुणे

बहिणीचं नाव कुठल्या प्रवर्गात येतं आणि घरचं उत्पन्न किती ते बघितलंय का? 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही!! म्हणजे तीच पोरगी सीईटी देऊन चांगल्या कॉलेजला एमबीए मार्केटिंगला लागली तर ही दोन्ही शुल्कं नाहीत, मुख्य खर्च राहण्या-जेवणाचा. ओबीसीसाठी वर सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, होस्टेल मिळालं नाही तर पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 पर्यंत खात्यात जमा होतात, अटी आहेत त्या वाचा. मी आत्ता एमबीए करतोय, आमच्या वर्गातल्या दोन मुली कॉर्पोरेट कम्युनिकेशनमधे लागल्या, एकीचं बीए मराठी होतं.

बाकी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग, फी खाजगीच्या मानाने कितीतरी कमी. आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) दिल्लीला जाहिरात आणि जनसंपर्क एकत्र शिकवतात, त्यांचं अमरावतीला पण केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारिता आहे. प्रवेश परीक्षा सगळीकडे.

अमळनेरची_मुंबईत

हे उत्तम सांगितलंत, मला ती फी माफी माहीतच नव्हती, आमच्या वेळी नव्हती.

एक मात्र मी ठामपणे म्हणते. महाग कॉलेजात काहीच नाही असं नाही. तिथे पोरीला इंग्रजीत समोरच्या मोठ्या माणसाशी न घाबरता बोलायची सवय लागते, मुंबईतली इंटर्नशिप मिळते, सिनिअर ओळखीचे होतात. माझे सात महिने गेले ते हे नव्हतं म्हणूनच गेले. पण त्या सात महिन्यांची किंमत 14 लाख होते का, हे बघा. मी त्या काळात रोज एक प्रेस नोट लिहायचे, खोटी, सरावासाठी, आणि एजन्सीतल्या एका मॅडमना पाठवायचे. एकविसाव्या नोटेला उत्तर आलं, उद्या ये म्हणून.

केळीवाले दादा, तुमच्या बहिणीला आजच करता येईल असं सांगते. गावात शेतकरी उत्पादक कंपनी असेल, गटाचा माल परदेशात जात असेल, जळगावच्या केळीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यावर तिने लिहावं. फोटो, एक चांगला आकडा, एका शेतकऱ्याचं म्हणणं, पहिल्या दोन ओळींत बातमी. धुळेकर दादांसारख्या चार जणांना पाठवावी. छापून आली की ते कात्रण फाईलला लावायचं. मी मुलाखत घेते तेव्हा मार्कशीट दोन मिनिटं बघते आणि अशी फाईल असेल तर वीस मिनिटं.

सेवानिवृत्त_चोपडा

ताईंनी बरोबर सांगितलं. माझं बँकेतलं मत सांगून ठेवतो, पहिल्या वर्षीच्या हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा हप्ता जास्त जात असेल तर ते कर्ज शिक्षणासाठी असलं तरी मोठंच. तुमच्या बाबतीत तो निम्म्याच्या वर जातोय. साडेसात लाखांच्या आत बसवा, किंवा दुसरी वाट धरा.

तापीकाठ

काका, भाचीच्या घरी तिचे वडील म्हणतात पोरगी आहे, लग्नाला ठेवलेले पैसे शिक्षणात घालू. हे बरोबर आहे का?

सेवानिवृत्त_चोपडा

घालावेत की, मी तर म्हणतो आधी त्यातच घालावेत. फक्त शिक्षणाची किंमत बघून घालावेत.

केळीवाला_यावल

काल रात्री सगळे बसलो होतो. आबांनी विचारलं, बाई तुला पुणं पाहिजे का हे काम पाहिजे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली दोन्ही पाहिजे, पण शेत गेलेलं नको. आईच्या डोळ्यात पाणी आलं. संस्थेला फोन करून मी मधल्या मुलाचा पगार विचारला, जिभाऊंनी सांगितल्यासारखं, तर म्हणाले ते सांगता येत नाही, पण सीटा भरत आल्यात लवकर ठरवा.

साक्रीना_जिभाऊ

मंग ठराई गयं भाऊ.

केळीवाला_यावल (सहा आठवड्यांनी)

नमस्कार, मी धाकटी, दादाच्या आयडीवरून लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, मी अख्खा धागा चार वेळा वाचला.

28 तारीख गेली, पैसे भरले नाहीत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, मैत्रिणीने तिथे प्रवेश घेतला तिचा फोटो आला तेव्हा मी मळ्यात जाऊन बसले होते. एमबीए सीईटीचा फॉर्म भरलाय, रानडेची परीक्षा पण देणार आहे, दोन्ही नाही झालं तर जळगावला मास कम्युनिकेशन. नॉन क्रीमीलेअरचं सर्टिफिकेट काढायला टाकलंय तहसीलला. इंग्रजीसाठी रोज सकाळी अर्धा तास मोठ्याने पेपर वाचते, आबा ऐकतात.

आणि ताई, आमच्या गावच्या गटाचा केळीचा पहिला कंटेनर गेला त्याची नोट लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा मीही पाहुण्यांच्या नावांनीच सुरुवात केली होती, मग धुळेकर काकांचं आठवून सगळं खोडलं. पाच ठिकाणी पाठवली, तीन ठिकाणी आली. एका पेपरात चौथ्या पानावर एक कॉलम, गावाचं नाव चुकलंय पण माझं पहिलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं ठेवलंय. कात्रण फाईलला लावलं. वही पण केली, त्यात सध्या अकरा नावं आहेत.

धुळेकर_बातमीदार

बेटा, बारावं माझं लिही. चारच्या आधी फोन कर, नंतर पानं लागतात.